पायाखालचा बर्फ सुटतो तेव्हा

२८ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी उत्तराखंडमधल्या माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांची छावणी बर्फाखाली गेली. तिथे ५४ कामगार होते. ४६ वाचले, ८ जणांचा मृत्यू झाला. अशी बातमी आली की आपण दोन-तीन दिवस ती वाचतो, हळहळतो आणि मनाशी एक चित्र पक्कं करून टाकतो : उंच शिखरावरून बर्फाचा प्रचंड लोंढा सुटला, गडगडत खाली आला, वाटेत होते ते सापडले. निसर्गाचा कोप, दुसरं काय.

हे चित्र काही वेळा खरंच असतं. पण हिवाळ्यात हौसेने ट्रेकला, स्कीइंगला किंवा गिर्यारोहणाला गेलेली माणसं ज्या हिमस्खलनांत दगावतात, त्यांतल्या सुमारे ९० टक्के प्रसंगी त्याला सुरुवात करून देणारा धक्का त्या माणसाचा स्वतःचा किंवा त्याच्या सोबत्याचा असतो. तिथे बर्फ वरून अंगावर आलेला नसतो. ज्यावर माणूस उभा होता, तोच बर्फ त्याला घेऊन निघून गेलेला असतो.

हा आकडा ऐकायला कठोर आहे, पण मला त्यात मोठा दिलासा वाटतो. धक्का आपला असेल, तर पाऊल कुठे टाकायचं नाही हेही बरंचसं आपल्याच हातात आहे. त्यासाठी बर्फाच्या पोटात काय चालतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

## आधी शब्द नीट लावून घेऊ

हिमवृष्टी म्हणजे बर्फ पडणं. हिमवादळ म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्यासकट बर्फ पडणं. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षं साचून घट्ट झालेल्या बर्फाचा, अतिशय सावकाश सरकणारा प्रवाह. आणि हिमस्खलन म्हणजे उतारावर साचलेला बर्फ एकदम सुटून खाली जाणं. बातम्यांत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत जो हाहाकार झाला, त्याला सुरुवातीला ‘हिमनदी फुटली’ असं म्हटलं गेलं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की रोंती शिखराच्या अंगावरून खडक आणि बर्फाचा महाकाय भाग तुटला होता, आणि त्यात खडकच जास्त होता.

हिमस्खलनाचेही प्रकार आहेत. एकात भुसभुशीत बर्फ एखाद्या बिंदूपासून घसरायला लागतो आणि खाली जाताना पसरत जातो, वाळूच्या ढिगाची कड ढासळावी तसा. दुसऱ्यात बर्फाचा अख्खा सलग थरच्या थर एका क्षणी सुटतो. याला जगभर ‘स्लॅब’ म्हणतात. माणसांचे जीव घेणारी बहुतेक हिमस्खलनं या दुसऱ्या प्रकारची असतात, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः त्याच्याबद्दल.

## टेकूंवर उभा असलेला स्लॅब

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत स्लॅब टाकतात ते तुम्ही पाहिलं असेल. वर जड, सलग थर, आणि खाली त्याला तोलून धरणारे असंख्य टेकू. वरून बघणाऱ्याला फक्त सपाट, भक्कम पृष्ठभाग दिसतो. टेकू कसे आहेत हे खाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

डोंगरावरचा बर्फही असाच असतो. हिवाळाभर पडलेला बर्फ एकजीव होत नाही. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो आणि गाद्यांची चळत रचावी तशी थरांची चळत तयार होते. काही थर एकमेकांना घट्ट धरून असतात. काही मात्र नुसते टेकून असतात. अशा चळतीत खाली कुठेतरी एखादा कमकुवत थर असेल आणि त्याच्यावर घट्ट, सलग थर बसला असेल, तर तो टेकूंवरचा स्लॅब झाला.

हे कच्चे टेकू येतात कुठून? बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाच्या आसपास असते, कारण वरचा बर्फ पांघरुणासारखी तिची ऊब धरून ठेवतो. वरची हवा मात्र उणे १५, उणे २० अंशांपर्यंत उतरलेली असते. बर्फ पातळ असेल तर एवढा मोठा फरक थोडक्या जाडीत मावावा लागतो. दर १० सेंटीमीटरला १ अंशापेक्षा जास्त फरक पडायला लागला, की बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि जाता जाता कणांचे आकार बदलते. एकमेकांना चिकटलेले गोलसर कण कंगोऱ्यांचे, टोकदार आणि सुटे होतात. असा रवाळ बर्फ मुठीत दाबून पाहा, गोळा होत नाही. जाड्या साखरेसारखा बोटांमधून गळतो.

‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोकाही कमी’ हे अनेकांना वाटतं, आणि ते चुकीचं का आहे हे इथेच कळतं. हिवाळ्याच्या सुरुवातीचा पातळ बर्फ आणि त्यावर कडाक्याची थंडी, हा कच्चे टेकू तयार करायचा कारखाना आहे. पुढे भरपूर बर्फ पडला की तो याच टेकूंवर बसतो.

दुसऱ्या जातीचा टेकू दिसायला फार सुंदर असतो. निरभ्र, थंड, वारा पडलेल्या रात्री हवेतला ओलावा बर्फाच्या पृष्ठभागावर गोठतो आणि पिसांसारखे नाजूक स्फटिक उभे राहतात. सकाळच्या उन्हात सगळा उतार चमचमतो. पुढच्या हिमवृष्टीत ही पिसं मोडली नाहीत तर तशीच उभी गाडली जातात, आणि आठवडेच्या आठवडे तशी राहू शकतात. वर सुरेख पांढरी चादर, खाली काचेच्या काड्या.

आता त्या चादरीवर एक माणूस चढतो. त्याच्या वजनाने पायाखालचे थोडे टेकू मोडतात. त्यांचा भार शेजारच्यांवर जातो, तेही मोडतात, मग त्यांच्या शेजारचे. ही चीर कमकुवत थरातून दोन्ही बाजूंना पळत सुटते, कधी कधी शेकडो मीटर. मग वरच्या अंगाला स्लॅब तडकतो आणि अख्खा तुकडा घसरायला लागतो. हे सगळं काही सेकंदांत होतं आणि माणूस बहुधा त्या तुकड्याच्या मधोमध असतो. ‘सुटला तर उडी मारून बाजूला होईन’ हा बेत म्हणूनच फारसा कामाचा नाही. चीर तर सपाट जागेवरूनही सुरू होऊ शकते : तुम्ही उताराच्या पायथ्याशी चालत असता, टेकू तिथे मोडतात आणि स्लॅब तुमच्या डोक्यावरच्या उतारावरून सुटतो.

## उताराचा कोन

टेकू कितीही कच्चे असले तरी जमीन सपाट असेल तर स्लॅब नुसता खाली बसेल, घसरणार नाही. घसरायला उतार लागतो, आणि इथे निसर्गाने आपल्याला एक स्पष्ट आकडा दिला आहे. बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात, त्यातही ३८ च्या आसपास सर्वाधिक. ३० पेक्षा कमी कोनावर स्लॅब सुटणं दुर्मीळ आहे. ६० च्या वर बर्फ साचतच नाही, पडेल तसा थोडा थोडा घसरून जातो.

ही मधली पट्टी नेमकी कसली आहे? स्कीइंगला मजा येते ती याच उतारांवर. शिखराकडे जाणारी सरळ, जवळची वाट बहुतेकदा याच उतारांवरून जाते. कडा बघून माणूस आपोआप बिचकतो, पण ३५ अंशांच्या उताराची भीती वाटत नाही.

बर्फाच्या पोटात काय आहे हे तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही. दहा पावलांवर परिस्थिती बदललेली असू शकते. कोन मात्र मोजता येतो, आणि तो दुपारपर्यंत बदलत नाही. मोबाईलमध्ये कोनमापक असतो. काही डिजिटल नकाशे ३० अंशांपुढचा उतार रंगवून दाखवतात. म्हणून माझं ठाम मत आहे की नवख्या माणसाने बर्फाचा अभ्यास शिकण्याआधी उतार वाचायला शिकावं. बर्फाबद्दल शंका असेल त्या दिवशी ३० च्या आतल्या वाटेने जायचं, आणि डोक्यावर त्याहून तीव्र उतार नाही ना हेही बघायचं.

हा शेवटचा भाग हमखास विसरला जातो. तुम्ही सपाटीवर आहात म्हणून सुरक्षित आहात असं नाही. २३ फेब्रुवारी १९९९ ला ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावात वरच्या उतारांवरचा बर्फ थेट वस्तीत घुसला आणि ३१ जण मृत्युमुखी पडले. ती माणसं कुठलाही उतार चढत नव्हती, गावात होती. कोरडं हिमस्खलन सहज ताशी १०० किलोमीटरच्या वर जातं, आणि भुकटीचे प्रचंड लोट उठवणारी मोठी हिमस्खलनं ३०० च्या घरात पोचू शकतात. ते पायथ्याशी येऊन लगेच थांबत नाही.

डोंगर त्याच्या जुन्या वाटा दाखवतोही. दाट झाडीच्या मधून वरपासून खालपर्यंत गेलेला मोकळा पट्टा, फक्त डोंगराकडच्या अंगाला फांद्या मोडलेली झाडं, खालच्या दिशेला वाकलेली खोडं. इथून बर्फ जातो, पुन्हा जाईल. विरळ झाडीने संरक्षण मिळत नाही. झाडांमधून आरामात वाट काढता येत असेल तर बर्फालाही ती काढता येते.

## टेकू कशाने सुटतात?

पहिलं कारण उघड आहे : वर नवा भार. मोठी हिमवृष्टी चालू असताना आणि ती थांबल्यावरचे एक-दोन दिवस सर्वांत जास्त हिमस्खलनं होतात. यात किती बर्फ पडला याइतकंच किती वेगाने पडला हे महत्त्वाचं आहे. हळूहळू वाढणारा भार बर्फ सोसतो, वाकतो, स्वतःला सावरून घेतो. तोच भार एका रात्रीत आला तर सावरायला वेळ मिळत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर प्रशिक्षणासाठी गेलेल्या गटातले २९ जण हिमस्खलनात गेले. तो महिना ऑक्टोबर होता. बर्फ आणि उतार असेल तिथे कॅलेंडरवर हिवाळा सुरू व्हायची वाट बघितली जात नाही.

दुसरं कारण वारा, आणि याला लोक फार कमी लेखतात. आकाशातून एक थेंबही न पडता वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलतो आणि धारेपलीकडच्या आडोशाला नेऊन टाकतो. पडत्या बर्फापेक्षा दहापट वेगाने तो तिथे थर चढवू शकतो. शिवाय वाहून आलेले कण मोडून बारीक होतात आणि घट्ट बसतात, म्हणजे आयता स्लॅब. आभाळ स्वच्छ, ऊन पडलेलं, पण दूरच्या धारेवरून बर्फाचे झेंडे फडकताना दिसतात, तेव्हा पलीकडच्या उतारावर स्लॅब चढतो आहे असं समजावं. याच वाऱ्याने धारेच्या कडेला पुढे झेपावलेले बर्फाचे छज्जे तयार होतात. वरून चालणाऱ्याला ते जमिनीसारखेच वाटतात, आणि छज्जा तुटतो तो अनेकदा अपेक्षेपेक्षा बराच आतून.

तिसरं कारण ऊब. अचानक वाढलेलं तापमान, कडक ऊन, किंवा बर्फावर पडलेला पाऊस. पाऊस एकाच वेळी भारही वाढवतो आणि कणांची एकमेकांवरची पकडही सैल करतो. वसंतात जाणकार लोक पहाटेच्या अंधारात निघून ऊन चढण्याआधी तीव्र उतारांवरून खाली उतरतात ते यासाठीच. रात्री गोठलेला बर्फ दुपारी भिजून सुटायला लागतो. ओलं हिमस्खलन वेगाने कमी असतं, पण वजनाने भयंकर.

आणि चौथं कारण आपण स्वतः.

## ओरडल्याने हिमस्खलन होतं का?

नाही. हाकेने दाब निर्माण होतो खरा, पण टेकू मोडायला लागतो त्यापेक्षा तो कित्येक पटींनी कमी असतो. मोठमोठे उतार मुद्दाम पाडायला स्फोटकं वापरावी लागतात, त्यावरून अंदाज यावा. या समजुतीचा तोटा असा की माणसं धोकादायक उतारावर मुकाट्याने, घोळका करून चालत राहतात. खरं तर तिथे एकमेकांना मोठ्याने सूचना द्यायला हव्यात आणि एकमेकांपासून लांब राहायला हवं.

## बर्फ स्वतः काय सांगतो

काही खुणा इतक्या उघड आहेत की त्यांना उपकरण लागत नाही. जवळपासच्या, त्याच दिशेला तोंड असलेल्या उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं दिसणं ही त्यातली सर्वांत मोठी खूण. शेजारचे टेकू सुटले आहेत, तुमचेही त्याच मालाचे आहेत. दुसरी खूण आवाजाची : चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येतो आणि आसपासचा बर्फ किंचित खाली बसल्यासारखा वाटतो. तो टेकू मोडल्याचा आणि मधली हवा बाहेर पडल्याचा आवाज आहे. तुम्ही सपाटीवर आहात म्हणून वाचलात. तिसरी, पावलापासून पुढे पळत जाणाऱ्या भेगा. याशिवाय गेल्या दोन दिवसांतली मोठी हिमवृष्टी, वारा आणि एकाएकी वाढलेली ऊब.

यातली एक जरी खूण दिसली तरी त्या दिवशी ३० अंशांपुढचा उतार सोडून द्यावा. याला अपवाद शोधत बसू नये असं मला वाटतं.

## धोक्याची पातळी ३ : मधली आहे म्हणून साधी नव्हे

हिमस्खलनाचा अंदाज जगात बहुतेक ठिकाणी पाच पातळ्यांत देतात. १ निम्न, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ उच्च, ५ अत्युच्च. स्वित्झर्लंडमध्ये दावोसची हिमसंशोधन संस्था १९४५ पासून असे अंदाज प्रसिद्ध करते. भारतात हे काम संरक्षण संशोधन संस्थेची चंदीगडमधली प्रयोगशाळा करते, जिचं मूळ १९६९ मध्ये मनालीत सुरू झालेल्या हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्थेत आहे.

पाचपैकी तीन म्हटलं की आपल्याला परीक्षेतले साठ टक्के आठवतात : ठीकठाक, चालण्याजोगं. पण ही मोजपट्टी तशी सरळ चढत नाही, प्रत्येक पायरीला धोका कित्येक पटींनी वाढतो. पातळी ३ चा अर्थच असा की तीव्र उतारावर एकट्या माणसाच्या वजनाने स्लॅब सुटू शकतो. स्वित्झर्लंडमधल्या हिमस्खलनमृत्यूंपैकी जवळपास निम्मे याच पातळीला होतात. ४ आणि ५ ला रस्ते बंद होतात, लोक घरात थांबतात. ३ ला आकाश बहुधा निळं असतं आणि सगळे बाहेर पडतात.

अंदाज वाचताना नुसता आकडा बघून थांबू नका. कुठल्या उंचीच्या वर, कुठल्या दिशेच्या उतारांवर, आणि कशामुळे, हेही त्यात दिलेलं असतं. ‘वाऱ्याने साचलेला बर्फ’ असं लिहिलं असेल तर धारेचा आडोसा टाळायचा. ‘जुना कमकुवत थर’ असं असेल तर कुठे टाळायचं हे डोळ्यांनी कळणार नाही, म्हणून तीव्र उतार पूर्णच टाळायचे. अंदाज हा मोठ्या प्रदेशाचा असतो हेही लक्षात ठेवायला हवं. तुमच्या समोरच्या एका उताराबद्दल तो काही सांगत नाही.

## ‘आमच्या आधी दहा जण गेले की!’

डोंगरात हे वाक्य सगळ्यांत जास्त ऐकू येतं, आणि पटण्यासारखंही वाटतं. पण स्लॅबची जाडी सगळीकडे सारखी नसते. जिथे तो जाड आहे तिथे माणसाचं वजन टेकूंपर्यंत पोचतच नाही. खडकाच्या आसपास, उताराच्या फुगीर भागावर तो पातळ असतो. दहा जण जाड भागावरून गेले आणि अकराव्याने पाऊल पातळ जागी टाकलं, की स्लॅब सुटतो आणि तो सगळ्यांना घेऊन जातो. पायांचे ठसे एवढंच सांगतात की इथून माणसं गेली.

दुसरं वाक्य : ‘आमचा वाटाड्या वीस वर्षं इथे येतो.’ अनुभवाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हिमस्खलनाच्या बाबतीत अनुभवाची एक अडचण आहे. स्वयंपाकात हात भाजला तर चूक लगेच कळते. कच्च्या टेकूंच्या उतारावरून मात्र माणूस बहुतेक वेळा चालत जातो आणि काहीच होत नाही. निर्णय चुकीचा होता, केवळ नशिबाने निभावलं, हे त्याला कळत नाही. उलट ‘हा उतार चांगला आहे’ असा धडा तो शिकतो. वीस वर्षांत हा चुकीचा धडाही वीस वेळा गिरवलेला असू शकतो.

अमेरिकेतले अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातले ७१५ अपघात तपासले, तेव्हा हेच दिसलं. सुमारे दोन तृतीयांश अपघातांत धोक्याच्या तीन किंवा जास्त उघड खुणा समोर होत्या. ओळखीच्या उतारावर तर प्रशिक्षण घेतलेल्यांचीही सावधगिरी सैल पडत होती. माहिती होती, डोळे होते, तरीही माणसं गेली : कारण उतार ओळखीचा होता, शिखर जवळ दिसत होतं, सुट्टीचा शेवटचा दिवस होता, आणि गटात पहिल्यांदा ‘नको’ कोण म्हणणार.

यावर साधा उपाय आहे. कुठल्या वाटेने जायचं, कुठल्या खुणेला परत फिरायचं आणि दुसरी सोपी वाट कोणती, हे आदल्या रात्री, उबेत बसून ठरवायचं. आणि गटाने आधीच मान्य करायचं की एकानेही नकार दिला तर सगळे वळतील, कारण विचारायचं नाही. नवख्याला बोलायची हिंमत यातून मिळते, आणि पुष्कळदा खूण त्यालाच आधी दिसलेली असते.

## गाडलं गेल्यावरची दहा मिनिटं

थांबल्याबरोबर हिमस्खलनाचा बर्फ घट्ट होतो. घसरताना मोडलेले कण क्षणात एकमेकांना चिकटतात आणि माणसाला बोटही हलवता येत नाही. स्वतः खणून बाहेर येणं जवळजवळ अशक्य. बर्फात हवा असते, पण स्वतःच्याच श्वासाने चेहऱ्यासमोर बर्फाचा पापुद्रा गोठतो आणि सोडलेली हवाच पुन्हा आत येत राहते. मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश गुदमरून होतात, उरलेले बहुतेक आपटल्याच्या इजांनी.

स्वित्झर्लंडमधल्या चार दशकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले ९० टक्क्यांहून जास्त वाचले. १० ते ३० मिनिटांत काढलेल्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. हेलिकॉप्टर, जवान, श्वानपथक यांतलं कोणीही १० मिनिटांत पोचू शकत नाही. तिथे त्या क्षणी उभे असलेले सोबतीच काय ते करू शकतात.

मग सियाचीनचे हनुमंतप्पा? ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर बर्फ कोसळला आणि लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी सुमारे २५ फूट बर्फाखालून जिवंत निघाले. ११ फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं. त्यांच्याभोवती हवेची पोकळी राहिल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. माणामध्येही अनेक कामगार लोखंडी कंटेनरमध्ये होते आणि आतल्या हवेवर तासन् तास तगले. भोवती भिंत असेल तर वेळ मिळतो, आणि शोध चालू ठेवायला हे पुरेसं कारण आहे. पण उघड्यावर गाडल्या गेलेल्या माणसाकडे ती भिंत नसते.

म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात. बीकन, म्हणजे अंगावर बांधायचं छोटं यंत्र : चालताना ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवतं, आणि कोणी गाडलं गेलं की बाकीचे आपापलं यंत्र शोधाच्या स्थितीला आणून त्याच्याकडे जातात. प्रोब, म्हणजे घडीची लांब सळी, जागा नेमकी ठरवायला. आणि धातूचं फावडं. यांतलं एक नसलं तर उरलेल्या दोघांचा उपयोग फार घटतो. मीटरभर खोल माणूस काढायला सुमारे टनभर बर्फ उपसावा लागतो, तो हातांनी उपसला जात नाही. खणताना माणसाच्या डोक्यावर उभं राहून खड्डा करायचा नाही. थोडं खाली सरकून उताराच्या अंगाने आडवं खणत जायचं आणि आधी तोंड व छाती मोकळी करायची. मोबाईल बीकनपासून लांब ठेवावा, कारण तो संदेशात गोंधळ घालतो. निघताना एकाने पुढे थांबून प्रत्येकाचं यंत्र खरंच संदेश देतंय का ते तपासावं. मिनिटभराचं काम आहे.

फुगणारी एअरबॅग असलेली पाठपिशवीही मिळते. डब्यात वाळू आणि खडे घालून हलवले की खडे वर येतात, तसं आकाराने मोठं झालेलं शरीर वाहत्या बर्फात वर राहतं. २०१४ च्या एका अभ्यासात, हिमस्खलनात गंभीरपणे सापडलेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण फुगलेल्या एअरबॅगने २२ वरून ११ टक्क्यांवर आलं. म्हणजे निम्मं, शून्य नव्हे. त्याच अभ्यासात दर पाचातली एक बॅग फुगलीच नाही, बहुतेकदा माणसाला त्या गडबडीत दोरी ओढता आली नाही म्हणून.

## प्रत्यक्ष चालताना

तीव्र उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून बघत. सगळे एकदम गेले तर शोधायला कोणी उरत नाही. खाली काय आहे ते बघा : अरुंद घळ, कडा किंवा झाडं असतील तर छोटं हिमस्खलनही जीवघेणं ठरतं, कारण घळीत थोडा बर्फही खूप खोल साचतो. सापडलात तर ओरडून इतरांचं लक्ष वेधा, काठ्या सोडा, कडेला जायची धडपड करा, आणि वेग कमी होतोय असं वाटताच हात तोंडापुढे आणून थोडी पोकळी करा.

गाडीने जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ७ पर्यटक हिमस्खलनात दगावले. पर्यटकांना परवानगी होती त्याच्या पुढच्या भागात ही घटना घडली. बर्फात खेळायला, फोटो काढायला गाडी थांबवताना वर मान करून बघा. रस्ता जिथे मोकळा, झाडं नसलेला पट्टा ओलांडतो तिथे थांबू नका, पुढे किंवा मागे थांबा. गाडीच बर्फाखाली गेली तर इंजिन लगेच बंद करायचं, नाहीतर धुराची नळी बुजून विषारी वायू आत भरतो.

आणि उतार वाचायचा सराव घरीच करता येतो, त्यासाठी बर्फ लागत नाही. जिन्याच्या तीन-चार पायऱ्यांच्या कडांवर एक सरळ काठी टेकवा आणि मोबाईलमधला कोनमापक तिच्यावर ठेवा. साधारण जिन्याला आकडा ३० ते ३५ च्या दरम्यान येतो. मग खाली उभं राहून तो जिना पुन्हा एकदा, पायऱ्या नाहीत आणि सगळं पांढरं आहे असं समजून बघा.